पुढचा डबा किती वॅटचा?

मार्च संपत आला होता. अकोल्याहून दादाचा फोन आला तेव्हा तो इन्व्हर्टरच्या दुकानात उभा होता. मागे रिक्षांचे हॉर्न, दुकानदार कुणाला तरी बॅटरीत पाणी कधी घालायचं ते समजावत होता, आणि दादा नेहमीसारखा फोनवर ओरडून बोलत होता. "हा लोड लिहून मागून राहिला. पंखे लिहिले, लाइट लिहिले, टीव्ही, वायफाय लिहिलं. आता तुझ्या पुतण्याच्या गेमच्या डब्याचं काय लिहू?" मी म्हटलं, दोनशे वॅट लिही. "ते आत्ताच्या डब्याचं झालं. दोन-तीन वर्षांनी नवीन येणार म्हणते तो. बॅटरी मले पाच वर्षं काढायची आहे. पुढचा डबा किती वॅटचा, ते सांग." मी म्हटलं, बघून सांगतो. मधेच दुकानदाराने "साहेब, सरळ मोठा घेऊन टाका" असा सल्ला दिला, तो मला इकडे पुण्यात स्वच्छ ऐकू आला, आणि फोन बंद झाला.

प्रश्न साधा होता, पण डोक्यातून जाईना. नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, येणार म्हटलं की आमच्यासारखे लोक टेराफ्लॉप्स, म्हणजे गणितं करण्याचा वेग, विचारतात, मेमरी विचारतात, आपल्याकडे कधी येणार आणि केवढ्याला पडणार ते विचारतात. तो किती खाणार, हे विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नाही त्याने ते विचारलं. त्यातही गंमत अशी, की डबा बनवणारे लोक आपल्यासारखी सुरुवात करत नाहीत, दादासारखी करतात. आधी ठरतं भिंतीतून किती वीज घ्यायची आणि ती उष्णता होऊन कुठून बाहेर सोडायची. मग त्या मापात बसेल तेवढा खेळ बसवतात.

दादाला हे सुचण्यामागे कारण आहे. गेल्या काही वर्षांत त्याने घर वॅटांच्या हिशेबाने धुऊन काढलं आहे. साठचे पिवळे बल्ब गेले, नऊचे एलईडी आले. पंच्याहत्तर वॅटचे पंखे उतरवून तीस वॅटचे, कमी खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी लावले. पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही गेला, भिंतीवरचा सपाट आला. प्रत्येक खोलीत आकडा खाली उतरत गेला. एका पोराच्या खोलीत मात्र उलट झालं. आम्ही लहानपणी ज्यावर खेळलो तो डबा दोन-चार वॅटचा होता, आणि त्याच घरातला आजचा डबा, एखादा जड खेळ लागला की, दोनशेच्या आसपास जातो. फ्रिजपासून फोनच्या चार्जरपर्यंत सगळं काटकसरीला लागलेलं असताना हा एकटाच चढत गेला. का, हे दादाला समजावून सांगायचं तर मला आधी स्वतःलाच नीट समजून घ्यावं लागणार होतं.

आमचा तो पहिला डबा नव्वदच्या दशकात घरोघरी दिसायचा तसला, जपानी फॅमिकॉम कन्सोलची नक्कल. त्याला ना पंखा, ना धड जाळी. तापायचा तो अॅडॅप्टर. काळा, विटेएवढा जड, टीव्हीच्या मागच्या प्लगमध्ये वाकडा लटकलेला. उन्हाळ्याच्या दुपारी दारं-खिडक्या बंद, खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर, पंपाची घरघर, आणि त्यात तापलेल्या व्हार्निशचा एक वेगळा, थोडा गोडसर वास मिसळायचा. तो आला की आई स्वयंपाकघरातून येऊन अॅडॅप्टरवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "पुरे आता, थंड होऊ द्या त्याले." घड्याळाकडे ती बघायची नाही. आमच्या खेळाची वेळ त्या अॅडॅप्टरच्या अंगावर मोजली जायची. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की त्या डब्यात नऊ व्होल्ट यायचे आणि चिपांना लागायचे पाच. मधले चार व्होल्ट एक तीन पायांचा रेग्युलेटर नुसती उष्णता करून सोडून द्यायचा. म्हणजे जवळजवळ अर्धी वीज खेळापर्यंत पोचतच नव्हती. तरी एकूण आकडाच एवढा लहान, की त्या नासाडीचं कुणाला काही वाटलं नाही.

पुढच्या पिढीला पहिल्यांदा उष्णतेशी भांडण करावं लागलं. सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरात जपानात आला. त्यातलं सीडी वाचणारं लेझर प्लास्टिकच्या घसरपट्टीवर पुढेमागे सरकायचं, आणि शेजारीच वीजपुरवठ्याचं सर्किट. कालांतराने प्लास्टिक झिजायचं, लेझर एका बाजूला कलायचं, आणि जगभरची पोरं डबा उलटा नाहीतर उभा करून खेळायची. कंपनीच्या पुस्तिकेत नसलेली ही युक्ती इंटरनेट घरात येण्याआधीच देशोदेशी कशी पोचली, हे मला अजून कोडं आहे. पुण्यात कॉलेजात असताना ज्या गेम पार्लरमध्ये आम्ही तासाच्या हिशेबाने जायचो तिथे मालकाने वेगळा बंदोबस्त केला होता. ओळीने डबे आणि प्रत्येकावर रोखलेला एकेक टेबल फॅन. खेळणारी पोरं घामाने थबथबलेली, वारा मात्र सगळा डब्यांना. कुणी पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवलं की मालक काउंटरवरून ओरडायचा. यंत्राला वारा आधी, माणसाला नंतर, हा न्याय मी पहिल्यांदा तिथे पाहिला. डेटा सेंटरमध्ये नोकरी लागल्यावर तो आणखी मोठ्या प्रमाणावर पाहिला, पण ते जाऊ द्या.

खरा चटका बसला २००५-०६ मध्ये. तोपर्यंत चिपांच्या दुनियेत एक फार सोयीचा नियम चालू होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला: ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले बारीक स्विच, लहान करा, त्याच प्रमाणात त्याचा व्होल्टेजही उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसले तरी उष्णता वाढत नाही. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज उतरवता येत होता तोवर सगळी चंगळ होती. मग एका टप्प्यावर व्होल्टेज आणखी उतरेना, कारण तेवढ्या कमी दाबाला ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाहीत, झिरपत राहतात. चंगळ संपली, आणि नेमके त्याच सुमारास दोन महत्त्वाकांक्षी डबे बाजारात उतरले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये, सोबत २०३ वॅटचा पॉवर सप्लाय डब्याबाहेर ठेवलेला, त्याच्या पोटात स्वतःचा वेगळा पंखा. प्लेस्टेशन ३ त्यानंतर वर्षाने, आत ३८० वॅटचा पॉवर सप्लाय, आणि प्रत्यक्ष खेळताना दोनशेच्या घरात वीज.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पॉवर बटणाभोवती तीन लाल पाकळ्या पेटायच्या आणि ३६० गार पडायचा. चिप तापायची, बंद केली की निवायची, तापायची, निवायची. या रोजच्या फुगण्या-आकसण्यात चिपखालचे मुंगीच्या डोळ्याएवढे जोड तडकायचे. कंपनीच्याच लोकांनी हे कारण पुढे २०२१ मध्ये कॅमेऱ्यासमोर सांगितलं. २००७ च्या जुलैत तीन वर्षांची वॉरंटी जाहीर करावी लागली आणि त्यापायी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. त्या काळात लोक मेलेला डबा टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवायचे, म्हणजे तो आणखी तापेल, जोड तात्पुरते बसतील आणि दोन-चार दिवस आणखी खेळता येईल. उष्णतेने मेलेल्याला उष्णतेनेच उठवायचं. हा उपाय ज्याने पहिल्यांदा केला असेल तो माणूस मला एकदा बघायचा आहे.

तेव्हापासून एका आकड्याच्या फारसं पुढे कुणी गेलेलं नाही. साधारण दोनशे वॅट.

२०१३ ची पिढी त्याच्या बरीच खाली राहिली, २०२० ची पुन्हा तिथे आली. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्याच्या पॉवर सप्लायवर ३९० वॅट लिहिलंय, पण खेळताना तोही दोनशेच्या थोडाच पुढे जातो. याच काळात पीसीच्या ग्राफिक्स कार्डांनी काय केलं ते बघा. एनव्हिडियाचं ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॅटचं आहे. म्हणजे कन्सोल बनवणाऱ्यांना जास्त वीज ओढणारी चिप मिळत नाही अशातली गोष्ट नाही. त्यांना ती खोलीत ठेवायची असते. टीव्हीखालच्या कपाटात, जिथे पुढून तोंड आणि मागे भिंत. जिथे शेजारी कुणी झोपलेलं आहे. शांत बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता खोलीत सोडतं. तेव्हा दोनशे वॅटचा डबा म्हणजे खोलीत दोन माणसं जास्त बसली. तिसरा-चौथा बसवला तर घरातले उठून जातील, हे कंपन्यांना कळतं. कन्सोलची मर्यादा चिपच्या कारखान्यात ठरत नाही, ती आपल्या बैठकीच्या खोलीत ठरते, असं मी आता मानू लागलो आहे.

त्या दोनशे वॅटांना गप्प बसवण्यासाठी जे केलं जातं ते मात्र बघण्यासारखं. २०२० च्या ऑक्टोबरात सोनीचे इंजिनिअर यासुहिरो ऊतोरी कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी प्लेस्टेशन ५ एकेक स्क्रू काढून उघडून दाखवला. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा पंखा. डब्याचा मोठा हिस्सा अडवून बसलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. आणि चिप व हीटसिंक यांच्या मधे नेहमीच्या पांढऱ्या पेस्टऐवजी द्रव धातू, चकाकणारा, पाऱ्यासारखा. तो वीजवाहक असतो, एक थेंब भलतीकडे गेला तर बोर्ड जळू शकतो, म्हणून त्याची तयारी करण्यातच दोन वर्षांहून जास्त गेली असं ते सांगतात. एवढं सगळं करून डबा झाला ३९ सेंटिमीटर उंच आणि साडेचार किलोचा. लोकांनी त्याच्या आकाराची टिंगल केली. पलीकडे एक्सबॉक्स सिरीज एक्स उभा चौकोनी, वर १३० मिलिमीटरचा पंखा, त्याला लोक फ्रिज म्हणू लागले, तर कंपनीने खरोखरच त्या रूपाचा छोटा फ्रिज काढून विकला. मला ती टिंगल अन्यायाची वाटते. तो आकार म्हणजे शांततेची किंमत आहे. आधीच्या पिढीतले डबे सडपातळ होते, पण मोठा खेळ लागला की संवाद ऐकू यायचे नाहीत.

सिरीज एक्समध्ये तांब्याची एक चपटी, हवाबंद डबी असते, व्हेपर चेंबर. आत अगदी थोडं द्रव. चिपच्या बाजूला ते उकळतं, वाफ होऊन पसरतं, थंड बाजूला पुन्हा द्रव होतं आणि आतल्या जाळीतून झिरपत माघारी येतं. तापलेल्या जागेवरची उष्णता वाफेच्या पाठीवर घालून दुसरीकडे न्यायची. अकोल्याच्या खिडकीतला कूलर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याचं पाणी परत येत नाही. संध्याकाळी वहिनीला बादल्या ओताव्या लागतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं. अमेरिकेतल्या त्या महागड्या डब्याच्या पोटात आमच्या खिडकीतली विद्या निघाली म्हणून.

पण बरं वाटणं एका ओळीपाशी अडतं. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात वापरासाठीचं तापमान दिलं आहे: ५ ते ३५ अंश.

पस्तीस. अकोल्यात मार्चमध्येच दुपार त्याच्या वर असते. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, कधी ओलांडतो. कूलर चालू असेल तर खोली तिशीत राहते, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, कूलर फिरत नाही. तेव्हा खोली चढत जाते आणि डबा त्याच खोलीची हवा ओढत असतो. उष्णता वाहते ती फरकाच्या जोरावर. समजा चिप ८० अंशांवर ठेवायची आहे. पंचवीस अंशांच्या खोलीत पंख्याच्या हाताशी ५५ अंशांचा फरक आहे. बेचाळीसच्या खोलीत उरतो ३८. उष्णता तेवढीच, ती बाहेर ढकलायची ताकद मात्र एक-तृतीयांशाने घटली. मग पंखा ओरडणार नाही तर काय करणार. त्यात धूळ. विदर्भातल्या कोरड्या हवेत धूळ कशी असते ते सांगायला नको, आणि थंडीत जिनिंगचा हंगाम असला की गावाच्या त्या अंगाला रुईचे तंतू तरंगत असतात. पंख्याच्या पात्यांवर ती रुई नमदा होऊन बसते. पुतण्या दर दिवाळीला डबा उघडतो, ब्रश फिरवतो, आणि जे निघतं त्याचा फोटो मला पाठवतो. गेल्या दिवाळीच्या फोटोखाली लिहिलं होतं, "काका, यात उशी भरून होते."

यावर सोनीसाठी प्लेस्टेशन ५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नींनी काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. १८ मार्च २०२० ला, जग नुकतं घरात बंद होत असताना, एका रिकाम्या वाटणाऱ्या सभागृहातून त्यांनी प्लेस्टेशन ५ समजावून सांगितला. बऱ्याच जणांना ते भाषण कंटाळवाणं वाटलं. त्यात गाभ्याची गोष्ट ही होती: आजवर आम्ही चिपचा वेग कायम ठेवायचो आणि वीज खेळाप्रमाणे वर-खाली व्हायची. खेळ लिहिणारे पुढे काय करतील हे आधी कळत नाही, म्हणून किती उष्णता काढावी लागेल याचा अंदाज बांधावा लागायचा आणि अंदाज चुकला की पंखा बोंबलायचा. त्यांनी उदाहरणही मजेशीर दिलं. होरायझन या खेळात राक्षसी यंत्रांशी लढाई चालू असताना नव्हे, तर नकाशा उघडल्यावर त्यांचा प्लेस्टेशन ४ प्रो जास्त तापायचा. नकाशा साधा असतो, म्हणून चिपला कुठे अडखळावं लागत नाही, ती मोकाट पळते. तर आता उलटं करायचं. वीज कायम, वेग बदलता. ठरलेल्या विजेत बसेल तेवढा वेग. आणि त्यांनी एक आकडा सांगितला जो मी दादाला सांगायला लिहून ठेवला: वीज दहा टक्क्यांनी उतरवायला वेग जेमतेम दोनेक टक्के कमी करावा लागतो.

त्या योजनेतली दुसरी गोष्ट मला जास्त भावली. वेग किती ठेवायचा हे चिपच्या प्रत्यक्ष तापमानावर ठरत नाही. ती किती राबते आहे यावर ठरतं. म्हणजे ओसाकातल्या वातानुकूलित खोलीतला डबा आणि अकोल्यात मे महिन्यातला डबा, दोघंही खेळ अगदी सारखाच चालवतात. अकोल्याच्या पोराला सेकंदाला कमी फ्रेम, म्हणजे कमी चित्रं, मिळत नाहीत. फरक जातो तो सगळा पंख्याच्या आवाजात. खेळाच्या बाबतीत समता, खोलीच्या बाबतीत जिथली तिथे विषमता. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग हेडफोन घालतो ना मी." वहिनी हेडफोन घालत नाही, ती त्याच खोलीत पाठ टेकून पडलेली असते, हा मुद्दा त्याच्या लक्षात आला नाही.

आता पुढचं. पूर्वी कन्सोलला म्हातारपण मानवायचं. प्लेस्टेशन ३ चा २००९ चा सडपातळ अवतार मूळ डब्याच्या जवळजवळ निम्म्या विजेत चालायचा, कारण चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान होत जायची, थंड व्हायची, स्वस्त व्हायची. ते आता संपलं आहे. प्लेस्टेशन ५ ची चिप ७ नॅनोमीटरच्या घडणीवरून ६ वर आली आणि थांबली. २०२३ चा सडपातळ डबा आकाराने लहान झाला, खाण्याने फारसा नाही. किमतीचं तर उलटंच झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० ला आलेला डबा पुढे ५४,९९० चा झाला. जुना झाला म्हणून महाग झालेलं यंत्र आमच्या पिढीने पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळे पुढची झेप चिप लहान करून मिळेल या भरवशावर कुणी बसलेलं नाही. झेप घ्यायची ती फसवून. कमी तपशिलाचं चित्र काढायचं आणि उरलेलं शिकवून तयार केलेल्या गणिताने भरायचं. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ते आलंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक ह्युन यांनी शेजारी बसून जे सांगितलं त्याचा सूर हाच होता: नुसती ताकद वाढवून आता भागत नाही, चित्र भरण्याचं, प्रकाशकिरण मोजण्याचं आणि माहिती दाबून नेण्याचं काम वेगळ्या खास भागांकडे द्यायचं, आणि हे सगळं काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलसाठी.

दुसरीकडे लहान यंत्रं. हातात धरून खेळायच्या स्टीम डेकची चिप चारपासून पंधरा वॅटांत खेळवते. निन्टेंडोचा स्विच २ हातात वेगळा आणि टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमध्ये वेगळा वागतो. डॉकमध्ये तो जोरात पळतो म्हणून खुद्द डॉकलाच पंखा बसवला आहे. स्टीम डेकवाल्या व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेलं स्टीम मशीन जेमतेम सोळा सेंटिमीटरचा ठोकळा, त्यात मुख्य चिपला (सीपीयू) ३० आणि चित्र काढणाऱ्या चिपला (जीपीयू) ११० वॅट. आणि प्लेस्टेशन ५ वर त्याच वर्षी वीज वाचवण्याची एक सोय आली: ज्या खेळांनी पाठिंबा दिला ते आपलं काम कमी करून कमी विजेत चालतात. हातात धरायच्या पुढच्या यंत्राची ही तालीम आहे असं बरेच जण म्हणतात. असेलही. मला मात्र ती अकोल्याची सोय वाटली, बनवणाऱ्यांच्या मनात अकोला नसला तरी.

तर दादाला मी सांगितलं, दोनशेच धर. वाढलाच तर वीस-तीस वॅट, पण माझा कल उलट आहे. पुढचा डबा आजच्यापेक्षा कमी खाणारा निघाला तर मला नवल वाटणार नाही. आणि बॅटरीवर चालणारं निघालं तर ते स्वतःचा इन्व्हर्टर पोटात घेऊनच येईल. पण एक गोष्ट आजच करून घे. डबा झोपवून, म्हणजे स्टँडबायवर, ठेवू नका, बंद करा. मायक्रोसॉफ्टनेच आपल्या एक्सबॉक्सबद्दल सांगितलंय की झोपलेला डबा १० ते १५ वॅट ओढतो आणि नीट बंद केलेला अर्धा वॅट. रोज तीन तास खेळला तर महिन्याला अठरा युनिटं. उरलेले एकवीस तास तो नुसता झोपला तरी, एक्सबॉक्सच्या त्या आकड्याने, आठेक युनिटं. दादा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे झोपेतही खाते हे?" दुसऱ्या दिवशी पोराच्या खोलीतल्या प्लगवर लाल पेनाने 'बंद' लिहिलेली चिठ्ठी लागल्याचा फोटो आला.

माझं मन यात एका बाजूचं नाही. हिशेब मांडताना मी दादाच्या पक्षात असतो, आणि रात्री खेळायला बसलो की पक्ष बदलतो. डिसेंबरात पुण्यातल्या गार फरशीवर मांडी घालून बसावं, डब्याच्या मागून येणारी ऊबदार हवा पायाला लागावी, पडद्यावर पावसाने ओल्या रस्त्यात निऑनच्या पाट्या उलट्या दिसाव्यात आणि तो प्रत्येक थेंब त्याच क्षणी कुठेतरी मोजला जातोय हे माहीत असावं, यात एक श्रीमंती आहे. वीज जाळून मिळणारी आहे, पण आहे. तीस वॅटात काढलेलं गणिती चित्र ऐंशी टक्के तसंच दिसतं असं मी लोकांना सांगतो, आणि स्वतः उरलेल्या वीस टक्क्यांकडे बघत बसतो. पुतण्याचं तर ठाम मत आहे की कमी वॅटचा डबा म्हणजे म्हाताऱ्यांचा डबा. त्याला १२० फ्रेम हव्यात, आणि त्या अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता हव्यात. मी त्याला ३५ अंशांची ती ओळ वाचून दाखवली. तो हसला. "काका, ते जपानसाठी लिहिलं असते. आपल्याकडे बेचाळीसलेही चालून राहिला ना?"

चालून राहिलाय, हे खरं. इंजिनिअरांनी कागदावर पस्तीस लिहिताना त्यापुढची जी थोडी जागा मनात धरली असेल, त्या जागेत आमचा अर्धा देश खेळतो. ती जागा किती आहे हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि पुढच्या डब्यात ती तेवढीच राहील असंही नाही. डबा लहान करायचा, स्वस्त ठेवायचा म्हटलं की पहिली कात्री अशाच न लिहिलेल्या जागेवर चालते. म्हणून पुढचा कन्सोल जाहीर होईल, स्टेजवर कुणीतरी टेराफ्लॉप्स मोजून दाखवेल, तेव्हा मी ते सगळं पुतण्यावर सोपवणार आहे. मला माहितीपत्रकातली ती एकच ओळ बघायची आहे, पस्तीसच्या जागी त्यांनी चाळीस लिहिलंय का. लिहिलं असेल तर वॅट कितीही असोत, दादाला दुकानदाराचं ऐकायला सांगेन.